सरकलेला लाल

वेंगुर्ल्याच्या रद्दीवाल्यानं
सुके बांगडे बांधायला राखलेला गठ्ठा
यशोदन किलोच्या भावानं उचलतो:
बंद पडलेल्या स्टुडिओतली लग्नं,
जाळ्यांच्या कंपनीचं एकोणऐंशीचं कॅलेंडर.

चेहरे तो सहसा घेत नाही.
चौकटीनं कापलेलं कुणाचं तरी कोपर घेतो,
नवऱ्याचा बुरशीनं खाल्लेला खांदा,
बुरशीसकट.
कॅलेंडरावरच्या लक्ष्मीचा लाल
छापताना ओठांबाहेर सरकलाय,
तोही तेवढाच सरकवतो,
श्वास रोखून.

काल कालवं घेऊन आलेली केळूसची द्रौपदी
कॅनव्हासपुढे थबकली.
"ही आमची कुसुम न्हय," म्हणाली,
"पोलका मात्र तिचाच."
टोपली डोक्यावरच.

त्यानं मूळ फोटो शोधून काढला, उलटा केला.
मागे गोंदाचा डाग,
आणि पेन्सिलीनं:
बाकी सहा रुपये.