काळी खपली

नवव्या दिवशी धुरपताबाई आल्या,
जावेच्या खांद्यावर भार टाकून,
कयाधूकाठच्या आमच्या आरोग्य केंद्रात.
पिशवीत तीन कागद:
मलेरिया नाही, डेंग्यू नाही,
टायफाईडपुढं नुसतं प्रश्नचिन्ह.
गावातल्या डॉक्टरनं दोन बाटल्या चढवलेल्या,
मनगटावर चिकटपट्टीचा मळ तेवढा उरलेला.

'डोस्कं ठणकायलंय बाई, डोळ्याच्या पाठीमागून.'
डोळे अंबाडीच्या बोंडासारखे लाल.
काम काय करता, मी विचारलं.
'भादवा हाय. बांधाचं गवत कापते. दोन शेरडं हायेत.'
गवतात बसता कुठं?
त्या हसल्या. एवढ्या तापात हसल्या.
'गवतातच की.'

उठता उठता जाऊ पुटपुटली,
'जांघेत अवधाण बी आलंय तिला.'

अवधाण उगीच येत नाही,
त्याला खाली कुठंतरी जखम लागते.
पाय पाहिले. भेगा होत्या, जखम नव्हती.
पोटऱ्या पाहिल्या, गुडघ्यामागची घडी पाहिली.
पोटावर फिकट पुरळ,
घामोळं म्हणून कुणीही सोडून दिलं असतं.

पडदा पुरत नव्हता,
जाऊ पदर पसरून उभी राहिली.
म्हटलं, परकराची गाठ सैल करा.

नाडीच्या वळाखाली
काळी खपली, कडेनं लाल,
विडी टेकवून विझवावी एवढी.

'दुखत नव्हतं?'
'खाजलं बी न्हाई. चुलीची ठिणगी उडाली आसंल म्हनलं.'
'आणि कुणी पाहिलं नाही?'
'शेरडाच्या कानात रोज बोट घालून गोचीड काढते मी.
माझ्या नाडीखाली कोन बघनार?'

मॅडमना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं,
रजिस्टरात लिहिलं, स्क्रब टायफस,
आणि गोळ्या दिल्या.
जेवून घ्या, पाणी भरपूर प्या,
गिळल्या गिळल्या आडवं पडू नका.

'गोचीडच का मंग?'
त्याच्याहून बारीक. डोळ्याला दिसत नाही.
'तुमाला कसा दिसला?'
तो नाही दिसला. त्याचं उष्टं दिसलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला,
जाऊ रस्त्यातूनच ओरडून सांगून गेली,
डोक्यावर भारा होता, थांबली नाही.

पण त्या पहिल्या रात्री
मी घरी मोरीत दार लावून,
पिवळ्या बल्बाखाली,
माझीही नाडी सोडून पाहिली.
बावीस वर्षं दुसऱ्यांना तपासतेय,
हे कधी पाहिलं नव्हतं.

वळ होता नुसता.
जुना. खोल.