चौथी टिचकी

बॅटरी आज पहारेकऱ्याच्या रेडिओतून काढून आणली,
नऊ व्होल्टची, चौकोनी.
मॅच साडेचारला सुरू होते, एवढंच म्हणाला म्हातारा गोंडवे,
आणि रेडिओचं झाकण उघडंच ठेवलं.

तेम्वा, तुझ्या मनगटावर दोन चिकट पट्ट्या.
मी बटण दाबते.
यंत्र नसेवर चार टिचक्या मारतं,
अंगठा उत्तर देतो:
हो.
हो.
ह.
चौथीला काहीच नाही.

पोट शिवून झालंय. डॉक्टर म्हांगो हातमोजे काढताहेत.
पुढचा पेशंट दाराशी आलाय, मासेमार, हर्निया.
"झालं का, तोवेरा?"
नाही झालं.

उतारा दिलाय. तेरा किलोला जेवढा, तेवढाच,
सोबत अॅट्रोपिन, कारण उतारा एकटा आला
तर काळजाची चाल मंदावतो.
तो कुणाला हाकलून देत नाही.
कुलपात बसलेली खोटी किल्ली तिथेच राहते;
हा फक्त झाडूवाल्याला अडवून धरतो,
म्हणजे निरोपांचा ढीग साचेल
आणि कधीतरी एखादा
किल्लीच्या आधी कुलपापाशी पोचेल.
गर्दीवर सोपवलेलं काम. वेळ लागतो.

कपाटात दुसरं एक आहे,
खोट्या किल्लीला मुठीत धरून थेट बाहेर नेणारं.
एकच कुपी, कुणी पाहुणे डॉक्टर ठेवून गेले.
तारीख उलटली तरी मी ती फेकलेली नाही.

मोठ्या माणसाला म्हणता येतं, डोकं उचल, पाच मोज.
तुला काय म्हणू?
तू तर जागेपणीही ऐकत नाहीस, आई म्हणाली सकाळी,
न्खाटा बेहून येताना ट्रकमध्ये
सुक्या मासळीच्या पोत्यावर चढून बसलीस म्हणे.

एकदा मी थांबले नव्हते.
यंत्र नव्हतं. पोट जरा हललं, मला तो श्वास वाटला.
नळी काढली.
त्या मुलाचे डोळे उघडे होते. छाती नव्हती.
म्हणजे होती, पण त्याची नव्हती.
चाळीस मिनिटं मी पिशवी दाबत राहिले
आणि तो माझ्याकडे बघत राहिला,
बुडणारा बघतो तसा नाही,
शेजारी बसलेला बघतो तसा.
बरा होऊन घरी गेला.
त्याचं नाव मी कुणाला सांगत नाही.

पुन्हा बटण.
हो. हो. हो. ह.
"तोवेरा."
"चौथी अजून पहिलीएवढी नाही, डॉक्टर."
ते स्टुलावर बसतात.
पत्र्यावर पाइनचं बोंड पडतं, घरंगळतं.
सिस्टर मकंदाविरे तुझ्या पायांवर आईचं चितेंजे घालते,
गार अंगात उतारा उशिरा चढतो.

हो. हो. हो. हो.
चारही सारख्या, माझ्या डोळ्यांना तरी.
डोळे फसतात. आणखी पाच मिनिटं.

मग तूच गुडघा पोटाशी ओढलास
आणि लाथ घातलीस, नेमकी माझ्या कोपरावर.
नळी निघाली. आधी खोकला,
मग शिवीसारखं खणखणीत रडणं;
बाहेर बाकावर कुणीतरी उठून उभं राहिलं असणार.

बॅटरी परत केली तेव्हा पावणेपाच.
"अजून शून्य-शून्य," गोंडवे म्हणाला, "काही चुकलं नाही."
मी तिथेच पायरीवर बसले.
अंगठा दुखत होता. माझा, बटणाचा.