वळणावर सैल

पहिल्या महिन्यात मला वाटलं,
हा तर आपला धावदोराच.
आई गोधडीला घालायची, तो.
एवढ्यासाठी रामबागेतून विजयनगरला
दोनदा बस बदलायची?

चिएकोबाई हसल्या नाहीत.
त्यांचे यजमान पीथमपूरच्या कारखान्यात,
हिंदी दूधवाल्याकडून शिकलेली.
"भाभी, सीधा तो हो गया.
अब मोड़."

सरळ रेघेत मी पटाईत.
एकतीस वर्षं वीजमंडळात रकाने आखले.
टाका वर तांदळाएवढा,
खाली कणीएवढा,
एका श्वासात आठ-नऊ टाके सुईवर चढवायचे
नि तळहाताच्या अंगुस्तानानं रेटायचं.
जमलं.
निळ्या कापडावर पांढरी रांग,
जशी पहाटे पुसलेल्या फरशीवर
कुणी रांगोळीचे ठिपके टाकून गेलंय.

पण कोपरा आला की कापड आक्रसायचं.
चुण्या.
ओढून बघ, उसवून बघ,
शेवटी इस्त्री.
चिएकोबाईंनी ते उलटं केलं
नि बोट ठेवलं, जिथे दोरा
एका ओळीतून दुसरीत उडी मारतो.
इथे घट्ट ओढायचं नाही.
नखाएवढा फास मोकळा सोडायचा.
कापड धुतलं की आटतं,
त्याला मागे सरायला जागा लागते.

आणि गाठ मारायची नाही.
दोरा संपला तर आपल्याच वाटेनं
तीन टाके परत जायचं.

(हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.
गाठ मारल्याशिवाय टिकतं काही,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

मग तागाचं पान.
सहा रेघा सहा दिशांनी एका बिंदूकडे येतात
नि कुणीच तिथे टेकत नाही.
मध्ये रिकामं राहतं, मोहरीएवढं.
माझे दोरे मात्र हटकून मध्येच भिडायचे,
एकावर एक, गुंता, गोळा.
आम्ही भावंडंही सहा.
अण्णांच्या मिलची थकबाकी इतक्या वर्षांनी आली,
तेव्हा धाकट्याकडे त्या गोल टेबलाशी बसलो होतो
आणि सगळ्यांना एकदमच बोलायचं होतं.
ते असो.

अण्णा लूमखात्यात होते.
क्लॉथ मार्केटात कुठलाही ताका दाखवला
तरी आधी पालथा करायचे.
सुलटी बाजू दुकानदाराची, म्हणायचे,
उलटी विणणाऱ्याची.
दुकानदार वैतागायचे,
मी लाजेनं दुसरीकडे बघायची.

मार्चात चिएकोबाई गेल्या. बदली.
जाताना लांब सुया दिल्या, मोठ्या नेढ्याच्या,
आता चष्म्याशिवायही ओवते.
आणि तिसऱ्या पानावर त्यांनीच आखलेल्या खुणा,
पाण्यानं पुसल्या जाणाऱ्या,
म्हणून अजून धुवायचं टाळत होते.

काल रात्री अकरापर्यंत पाच ओळी उसवल्या.
पुन्हा घातल्या.
मध्यात मोहरीएवढं राहू दिलं.
सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरलं
तेव्हा कापड बादलीत होतं.
खुणा गेल्या.
कापड आटलं, मागचे फास
कुठे मुरले, दिसेनात.

दोरीवर घातलं.
उलटी बाजू रस्त्याकडे.