निवडण

पोत्यावर ठसा: कोमोरोस.
पारिसशेठ म्हणतात, कुठलं का असेना,
काडी वेगळी, कळी वेगळी,
डोकं फुटलेली लवंग तिसऱ्या सुपात.
कुपवाड रोडच्या गोडाऊनात आम्ही नऊ जणी.
घरी गेल्यावर पोरं म्हणतात,
आईला दातांच्या दवाखान्याचा वास येतो.

रमीजाच्या भाच्यानं मोबाईलवर नकाशा काढला.
आफ्रिकेच्या कडेला, पाण्यात, ठिपका.
मी पदरानं पुसला.
वाटलं, शेजारच्या गाळ्यातली हळद उडून बसलीय.
जाईना.

देश आहे म्हणे तो.
झेंड्यावर तारे चार, हातात बेटं तीन.
चौथं फ्रान्सकडंच राहिलं.
रात्री माणसं होडीनं तिकडं निघतात,
सगळी पोचत नाहीत.
त्यांचा पैसाही फ्रान्सच्या खुंट्याला:
दावं जाईल तेवढंच चरायचं.
सरकार वीसेक वेळा उलथलं,
नाहीतर उलथता उलथता राहिलं.
शेवटी ठरलं, बेटांनी खुर्ची आळीपाळीनं घ्यायची.

शिवलीलाच्या हातातलं सूप हललं हसून.
सांगली, मिरज, कुपवाड,
सव्वा सव्वा वर्षाचा महापौर.
आपल्याकडनंच शिकून गेली असतील गं!

झाडावर चढून कळी खुडणाऱ्याला काय मिळतं,
ते मोबाईलात नव्हतं.
शेठच्या वहीत मुंबईचा भाव, त्याच्या आधीचं पान नाही.
माझे वडील यार्डात हमाल.
सांगायचे, हळदीच्या सौद्यात पूर्वी
रुमालाखाली बोटं दाबून भाव फुटायचा.
ज्याची हळद, तो बाजूला उभा,
त्याला नुसता रुमाल हलताना दिसायचा.

भाऊ माझा गलाईला, सेलमला.
पैसे पाठवतो, गावच्या देवळाला कळस चढला,
दवाखान्याला अजून कुलूप.
तिथली माणसं मार्सेला राबतात,
आयुष्यात एकदा येऊन दणक्यात लग्न घालतात,
अख्खं गाव जेवतं.
कळसच की तो.

आम्ही निवडतो, तेही निवडतात.
आमची मजुरी तरी किलोवर आहे.

दुपारी पोत्याच्या तळाशी
निळ्या दोऱ्याची गाठ सापडली,
दोन पदरांची, दातांनी ओढून बसवलेली.
काडी नाही, कळी नाही.
कुठल्या सुपात टाकायची, शेठ बोलले नव्हते.
मी हातात धरून बसले.
रमीजा म्हणाली,
टाक कशातही. वजनच होतंय.