बादलीतला डॉल्फिन

मुडावदच्या अंगणवाडीत
कोकिळाताईंनी पिशवीतून काढलं
भरताचं एक वांगं,
बादलीत बुडवलं.
"लावा हात. डॉल्फिनचं अंग असंच.
खवलं नाहीत, एकसुद्धा."

नऊ मुलांनी वांगं कुरवाळलं.
निंबानं वास घेतला.
लोचन म्हणाली, "याले तेल लायेल शे का?"

मासा नाही ती, ताई सांगू लागल्या,
नाक तिचं डोक्यावर,
श्वास घ्यायला वर येते,
शीळ घालून हाक मारते,
झोपली तरी अर्धी जागी.
पिल्लाला दूध पाजते.

"दूध?"
निंबा उठून उभाच.
"मंग ती आमनी म्हैसनी बहीन शे!
चंद्री बी तापीमा बठस,
नाक वर करीसन फुर्रर्र करस."

ताई थांबल्या.
चित्रांच्या पुस्तकात हे नव्हतं.
फळ्यावर निळ्या खडूचा समुद्र होता,
कासव, खेकडा, आठ हातांचा ऑक्टोपस.
त्यांच्यात ताईंनी एक म्हैस काढली,
शिंगांसकट.
खेकडा थोडा सरकवावा लागला.

दुपारी सुपडाबाई आल्या,
चूल पेटली होती,
भरताला वांगं हवं होतं.
नऊ मुलं बादलीभोवती
हात पसरून उभी.

त्या दिवशी जेवणात
नुसतं वरण-भात.