अंगठा बाहेर

शांतवनमामाची गाडी मी विकली
मंगळवारी, साडेअकराला, नाना पेठेत.
एकोणीसशे एकतीसची ऑस्टिन, उघडी,
वर कापडी टप, तोही मामानेच शिवलेला,
भवानी पेठेतून ताडपत्रीचा दोरा आणून,
मामीच्या मशीनच्या तीन सुया मोडून.
तीन सुयांची नोंद वहीत आहे.
वहीत सगळंच आहे, दर शनिवारचं:
आज इंजिन अकरा मिनिटं. आवाज बरा.
आज इंजिन अकरा मिनिटं. पितळ चिंचेने घासलं.
आज इंजिन नाही. सुगंधाला मातीला नेलं.
आणि पुढच्या शनिवारी:
बावीस मिनिटं.

घ्यायला आले बाणेरचे बापलेक.
मुलगा जमिनीवर झोपून पोटाखालचे फोटो काढत होता.
बापाने विचारलं, किती चाललीय?
म्हटलं, गेली वीस वर्षं
शेडपासून फाटकापर्यंत, आणि उलटी परत.
मी हिशेब केलाय,
एवढ्यात खेड-शिवापूर गाठलं असतं.
तो हसला नाही.

त्यांचा यासीन मिस्त्री मात्र
बॉनेटवर तळवा ठेवून बराच वेळ उभा होता,
ताप बघावा तसा.
मग त्याने चालकाच्या बाजूच्या दाराचं अस्तर उघडलं.
आत तळाशी बोटभर गाळ,
वाळलेला, वरची कड सरळ,
जशी कुणी पट्टीने आखलेली.
"पाणी खाल्लंय गाडीनं," मुलगा म्हणाला,
भाव पाडायला जागा सापडल्यावर
माणूस जितका खूश होतो तितका खूश.

एकसष्टचा जुलै.
पानशेत फुटलं तेव्हा मामा
माझ्या आईला आणायला नारायण पेठेत गेला होता.
आई एकोणीस वर्षांची.
गाडी बंद पडली, दोघं पायी निघाले,
यापुढचं आईने कधी सांगितलं नाही,
मामानेही नाही.
चौथ्या दिवशी बैलजोडी लावून त्याने गाडी ओढून आणली,
नट न् नट रॉकेलमध्ये धुतला.
हे एक दार राहिलं.
विसरला असेल, असं मी म्हणालोही असतो,
पण सुया मोजणारा माणूस?

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं,
अस्तर परत बसवलं, चारही स्क्रू.
"गंज नाही," एवढंच मालकाला म्हणाला.
मी तरी पंधरा हजार कमी केले.
का, ते विचारू नका.

ठेवता आली असती का? नसती.
आवार ट्रस्टने परत मागितलंय,
कात्रजला आमच्या इमारतीत एका घराला एकच जागा,
तिथे जावयाची गाडी आणि मुलीची स्कूटर,
आणि माझा उजवा गुडघा आता स्टीलचा.
ही कारणं खरी आहेत.
मी ती तिघांनाही दोनदा सांगितली.

फुकट दिलं ते एवढंच,
हँडल कसं मारायचं:
अंगठा बाहेर, चार बोटांच्या जोडीला.
आत घेतलास तर इंजिन उलटा झटका देतं,
मनगट जातं.
नऊ वर्षांचा असताना
मामाने हे हातावर चापट मारून शिकवलं होतं,
त्यानंतर मला गाडी काही कधी चालवू दिली नाही.
"पण सेल्फ आहे ना?" मुलगा म्हणाला.
आहे. तरी.

दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं.
गाडी फाटकाबाहेर पडली, क्वार्टर गेटकडे वळली,
आणि मला कळलं, तिची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती.
मी रस्त्यावर लक्ष ठेवायला फाटकाशी उभा असायचो,
मामा तिला पुढे आणायचा, मागे न्यायचा,
माझ्याकडे कायम तोंडच.

इंजिनाखालची परात राहिली.
तीत तेलाचे तीन थेंब.
बसमधून आडवी धरून आणली,
बायको म्हणाली, ही कशाला?
बुधवारी पाणी भरताना
बादलीची कडी धरली, बघतो तर
अंगठा बाहेर.

शनिवारचं अजून काही ठरलेलं नाही.