एक मिनिट कुणी हलू नका

म्हापशात, टायरच्या दुकानावर,
दोन खोल्या आणि एक बाल्कनी. ती कबुतरांची.
पाटीवरच्या 'फिल्म्स'मधला 'फि' गेल्या वादळात उडाला,
तेव्हापासून आम्ही नुसते 'ल्म्स'.
कुरिअरवाला तरी बिनचूक येतो.

यंदा काय केलंत विचारता, तर ऐका.
रायच्या एका लग्नाचं चार तासांचं चित्रण.
नवऱ्याचा बाप म्हणाला, माझ्या मेव्हण्याला कापा.
कापला.
आता एका फ्रेममध्ये नवरीच्या खांद्यावर
नुसता हात उरलाय,
सोन्याचं घड्याळ घातलेला.

पंचायतीसाठी ओला कचरा, सुका कचरा: साडेतीन मिनिटं.
त्यात सरपंचबाई दोन मिनिटं.

मग कांदोळीच्या हॉटेलाची जाहिरात.
समुद्र हवा, म्हणाले, पण होड्या नकोत,
जाळी नकोत,
वाळूवर सुकत घातलेलं काहीही नको.
आमच्या रोझिताने रात्रभर बसून
एकेक होडी पुसली.
तिसऱ्या होडीपाशी बराच वेळ थांबली.
मी विचारलं नाही.
तिच्या बापाची होडी हिरवी आहे, एवढं मला ठाऊक आहे.

ड्रोन शापोऱ्याच्या पाण्यात गेला.
शेवटची अकरा सेकंदं फार सुंदर आलीत.
विमा कंपनीला ती दाखवली,
त्यांचं मत पडलं नाही.

आणि आगशीकडच्या खाजनातलं काम,
ज्याचे पैसे अजून यायचेत.
बांधातली मानस, म्हणजे लाकडी दार:
भरतीला आपोआप मिटतं,
ओहोटीला आपोआप उघडतं.
ते सांभाळायला बोस्त्यांव. वय ऐंशीच्या पुढचं,
पायात एकच चप्पल, दुसरी चिखलाने ठेवून घेतलेली.
दार आपोआप मिटतं, मग तुम्ही काय करता?
म्हणाला, मिटलं की नाही ते बघतो.

आता सर्वानंदविषयी.
हा आमचा आवाजवाला.
शूटिंग संपलं, सगळे वायरी गुंडाळायला लागले
की हात वर करतो:
एक मिनिट कुणी हलू नका.
आणि जागेचा रिकामा आवाज भरून घेतो.
दोन वाक्यांच्या मधली भोकं बुजवायला लागतो तो.
गिऱ्हाइकं हसतात.
एका मंत्र्याचा सचिव म्हणाला होता, हे पण बिलात लावता काय?

मे महिन्यात हार्ड डिस्क मेली.
पुण्याला पाठवली, बर्फासारखी पॅक करून,
आणि बर्फासारखीच परत आली.
खाजनातलं सगळं गेलं. बगळे, बांध, मुलाखत.
राहिलं ते सर्वानंदच्या वेगळ्या कार्डावरचं,
मुलाखतीनंतरचं एक मिनिट.

जुलैत बोस्त्यांव वारला.
त्याच्या लेकीचा स्विंडनहून फोन:
पप्पांचा आवाज तुमच्याकडे आहे ना?
मी म्हटलं, आहे. मग म्हटलं, नाही.
मग म्हटलं, असं बघा,
एक मिनिट आहे, त्यात ते बोलत नाहीत,
पण तिथेच उभे आहेत.

पाठवलं.
फळ्यांतून झिरपणारं पाणी,
लांब कुणाची तरी स्कूटर,
आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला
घसा खाकरल्याचा आवाज,
ज्यासाठी सर्वानंद त्या दिवशी म्हाताऱ्यावर करवादला होता.

दोन दिवसांनी तिने विचारलं,
ह्याच्या आधीचं काही?
नाही.
ह्याच्यानंतरचं?
नंतर फक्त आमचा माणूस म्हणतो, झालं, थँक्यू, पात्रांव.
ते पण पाठवा, म्हणाली.

ते पण पाठवलं.

गुरुवारी डिचोलीला काजूचा कारखाना आहे.
मालकाला सगळं तीस सेकंदांत हवंय,
बाया हसताना हव्यात.
सर्वानंदने नव्या बॅटऱ्या आणल्यात, पावती टेबलावर ठेवलीय.
मी सही केली.
कशासाठी, ह्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून ठरत नाही.